दुसऱ्या लेव्हलवर अडलेला सिम्बा

सिनेमा संपून थिएटरात दिवे लागतात न लागतात तोच पोरगं विचारतं, "याचा गेम आहे का?" बहुतेक वेळा असतोच. रात्री ते झोपलं की तुम्ही मोबाइल घेऊन शोधायला बसता. एका ठिकाणी पाचपैकी साडेचार तारे, दुसरीकडे कुणा समीक्षकाने शंभरात ५८ गुण दिलेले, तिसरीकडे डाउनलोडचा आकडा थेट कोटींत. तिन्हींचा मेळ काही लागत नाही. मग मला निरोप येतो, "तुम्हीच सांगा, घेऊ की नको?"

मी पटकन हो किंवा नाही म्हणत नाही, यावर काही आयांचा राग आहे हे मला ठाऊक आहे. पण हे तारे कुणी दिले, हे आकडे कशाचे आहेत, हे एकदा नीट पाहून घेतलंत तर मला विचारायची वेळच येणार नाही. त्यासाठी एक जुना गेम घेऊ. तुमच्यापैकी जे आज पस्तिशी-चाळिशीत आहेत त्यांनी तो शाळेत असताना कुणा मित्राच्या घरी किंवा कंप्युटर क्लासमध्ये, सर बाहेर गेल्यावर, नक्की खेळलेला असेल. 'द लायन किंग'.

सिनेमा अमेरिकेत १९९४ च्या जूनमध्ये आला आणि गेम त्याच वर्षाच्या अखेरीस, नाताळच्या खरेदीत सापडेल अशा बेताने. काढला व्हर्जिन इंटरअ‍ॅक्टिव्ह कंपनीने, बनवला लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजने. डिस्नेच्या चित्रकारांनी हाताने रेखाटलेला सिम्बा त्यात पळायचा, घसरायचा, कड्याला लोंबकळायचा. समीक्षकांनी चित्रांचं आणि संगीताचं तोंडभर कौतुक केलं. खेळायला अवघड आहे, असंही अनेकांनी जाता जाता लिहिलं. खप उत्तम झाला. म्हणजे समीक्षा चांगली आणि गल्लाही चांगला. एखाद्या बाबांनी तेव्हा मला विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, घ्या की.

आता खोक्याच्या आत जाऊ. पहिली लेव्हल सोपी आहे. बछडा सिम्बा किड्यांवर उड्या मारतो आणि त्याची डरकाळी मांजराच्या म्यांवइतकीच असते. दुसरी लेव्हल राजा व्हायची घाई झालेल्या सिम्बाच्या गाण्यावर बेतलेली आहे. सिनेमात हे गाणं म्हणजे नुसती धमाल. गेममध्ये मात्र जिराफांच्या डोक्यांवरून अचूक उड्या मारायच्या, भरधाव शहामृगावर बसून ऐन वेळी वाकायचं किंवा उसळायचं, आणि मग माकडं. ही माकडं सिम्बाला झेलतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे भिरकावतात. कोणत्या माकडावर कधी डरकाळी फोडली की ते कुठल्या दिशेला तोंड वळवतं, याचं एक कोडं आहे. ते सुटलं नाही तर माकडं तुम्हांला फिरवून फिरवून पुन्हा तिथेच आणून टाकतात. एकूण लेव्हल दहा. कितीतरी मुलांनी तिसरी कधी पाहिलीच नाही.

असं का, याचा उलगडा बऱ्याच वर्षांनी झाला. वेस्टवुडच्या संस्थापकांपैकी एक, लुइस कॅसल, यांनी जाहीरपणे सांगितलं की दुसरी लेव्हल मुद्दाम अवघड केली होती. त्या काळी अमेरिकेत सिनेमाच्या कॅसेटप्रमाणे गेमही भाड्याने मिळायचे. ब्लॉकबस्टरसारख्या दुकानातून शुक्रवारी संध्याकाळी आणायचा आणि शनिवार-रविवार खेळून परत करायचा. मुलाने दोन दिवसांत गेम संपवलाच तर आईबाबा तो विकत कशाला घेतील? तेव्हा भाड्याच्या मुदतीत मूल फार पुढे जाता कामा नये, अशी डिस्नेची अपेक्षा होती. माकडांचं कोडं या हिशेबातून आलं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळ्यांपुढे ती सगळी सात-आठ वर्षांची मुलं आली. 'मला जमतच नाही' म्हणून रडणारी, मोठ्या भावाच्या हातात जॉयस्टिक देऊन बाजूला बसणारी. आई स्वयंपाकघरातून म्हणत असेल, "अरे, प्रयत्न कर, एकाग्रता ठेव." एकाग्रतेचा प्रश्नच नव्हता. ते मूल अडलं नव्हतं, त्याला अडवलं होतं. आपल्याकडची गंमत तर आणखी निराळी. आपल्या गावांत ना ती भाड्याची दुकानं होती, ना तो गेम विकत घेण्याचा प्रश्न. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नक्कल होत तो घराघरांतल्या पीसीवर येऊन पोचला. अमेरिकेतल्या भाड्याच्या धंद्यावर इलाज म्हणून उभी केलेली माकडं ठाण्यातल्या आणि सांगलीतल्या पोरांनाही भिरकावत राहिली.

समीक्षकाला हे दिसलं कसं नाही? दिसलं, म्हणून तर त्याने 'अवघड' असं लिहिलं. पण मासिकात लिहिणारा तो वीस-पंचविशीतला, गेमवर हात बसलेला तरुण. त्याच्या दृष्टीने अवघड असणं ही एक ओळ होती. त्याच्या गुणांमध्ये सात वर्षांच्या मुलाची रविवारची दुपार धरलेली नव्हती. आणि खपाच्या आकड्यात तर ती रडारड चक्क जमेच्या बाजूला गेली, कारण कंटाळून शेवटी गेम विकत घेऊन टाकणारे बाबाही त्या आकड्यातच मोजले गेले.

२०१९ मध्ये हा गेम 'अलादीन'सोबत एका संचात पुन्हा निघाला आणि त्यात मागे जाण्याची सोय दिली गेली. माकडाने फेकलं, तर बटण दाबून काही क्षण मागे यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. भाड्याची दुकानं बंद पडलेली होती आणि घेणारे बहुतेक जण लहानपणी हरलेले प्रौढ होते. त्यांना अडवून कुणाचा काय फायदा?

'अलादीन'चं नाव आलंच आहे तर त्याच्याबद्दलही थोडं सांगते. सिनेमावरचे गेम टाकाऊच असतात, असं एक सरसकट मत ऐकू येतं आणि ते बरोबर नाही. १९९३ च्या नोव्हेंबरात 'अलादीन'चे दोन वेगवेगळे गेम आले, नाव एकच. सेगावरचा व्हर्जिनमध्ये डेव्हिड पेरी यांच्या चमूने केला होता आणि त्यातल्या अलादीनच्या हातात तलवार होती. सुपर निन्टेन्डोवरचा जपानच्या कॅपकॉमने केला. त्यात तलवार नाही, नुसत्या उड्या आणि सफरचंदं. त्याचे रचनाकार शिंजी मिकामी, ज्यांनी पुढे 'रेझिडेंट ईव्हिल' हा अंगावर काटा आणणारा गेम केला. दोन्ही वाखाणले गेले. सेगावरच्या गेमच्या ४० लाखांच्या आसपास प्रती खपल्या. आपल्याकडच्या पीसीवर आला तो याचाच अवतार, म्हणून तुम्हांला तलवार आठवते. मिकामींनी तर नंतर एका मुलाखतीत दिलखुलासपणे कबूल केलं की आपणच दुसरा गेम केला नसता तर आपण सेगावरचा घेतला असता. एवढा मोकळेपणा धंद्यात क्वचितच दिसतो. सांगायचं हे की खोक्यावरचं सिनेमाचं नाव तुम्हांला आतल्या खेळाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तो कुणी केला आणि त्यांना वेळ किती मिळाला, हे विचारा.

वेळेवरून 'ई.टी.'ची गोष्ट सांगायलाच हवी. स्टीव्हन स्पीलबर्गचा सिनेमा १९८२ च्या जूनमध्ये आला आणि जगभर गाजला. गेमचे हक्क मिळवायला अटारी कंपनीला दोन-अडीच कोटी डॉलर मोजावे लागले, असं सांगतात. करार होईतो जुलै संपत आला होता आणि माल नाताळला दुकानात हवा होता. हावर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुणाच्या वाट्याला आले जेमतेम पाच आठवडे. त्याआधीच्या त्याच्या गेमला सात महिन्यांच्या आसपास लागले होते. ई.टी.ने फोनचे तुकडे शोधत हिंडायचं आणि हिंडताना खड्ड्यांत पडायचं. वर यायचं आणि पुन्हा पडायचं. पडलो का, हेच मुलांना कळेना.

सुमारे १५ लाख प्रती खपल्या. अटारीच्या गेममध्ये हा आकडा खरं तर मोठा. मग तो इतिहासातला सर्वांत बदनाम गेम का ठरला? कारण कंपनीने ४० लाखांच्या आसपास प्रती बनवून ठेवल्या होत्या. दुकानदारांनी उरलेला माल परत पाठवला. १९८३ मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला, त्याची कारणं पुष्कळ होती, पण नाव ई.टी.चंच झालं. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत ट्रक भरभरून कार्ट्रिज पुरली गेली. २०१४ च्या एप्रिलमध्ये ती जागा खणली तेव्हा ई.टी. निघालाच, पण त्याच्यासोबत चांगले गाजलेले गेमही निघाले. म्हणजे पुरला गेला तो कंपनीचा चुकलेला अंदाज. 'आपटला' किंवा 'तुफान चालला' असं वाचाल तेव्हा हे लक्षात असू द्या. ते शब्द कंपनीने किती माल बनवला आणि त्यातला किती उठला यावर ठरतात. १५ लाख घरांत त्या नाताळला काय झालं याची नोंद त्यात नाही.

वॉरशॉने पुढे स्वतःच्या या गेमबद्दल एक फार मोलाची गोष्ट सांगितली. खेळणाऱ्याला चीड आली तर चालते, पण आपण कुठे आहोत आणि काय झालं हेच त्याला कळेनासं होता कामा नये, अशा अर्थाची. मला हा फरक कुठल्याही ताऱ्यांपेक्षा उपयोगी वाटतो. मूल खेळताना ओरडतंय, "अरे यार, थोडक्यात गेलं!" तर तुम्ही निवांत चहा प्या. ते गप्प होऊन पडद्याकडे बघत बसलं असेल, कुठलंही बटण दाबत असेल, तर गेममध्ये खोट आहे किंवा तो त्या वयाचा नाही. जाता जाता सांगते, वॉरशॉ नंतर मानसोपचारतज्ज्ञ झाले.

उलटं उदाहरण हवं असेल तर पिक्सारच्या 'कार्स'वरचा २००६ चा गेम घ्या. समीक्षकांचं मत 'बरा आहे' याच्या फारसं पुढे गेलं नाही. खप ७० लाखांच्या वर. लाइटनिंग मॅक्क्वीन चालवायला मिळतो, रस्ता सोडून वाळवंटात हिंडता येतं, हरलं तरी गाडी गप्पा मारते. सहा वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं असतं? इथे समीक्षक चुकले असंही मी म्हणणार नाही. त्यांना आजवर खेळलेल्या शंभर रेसिंग गेमशी तुलना करायची होती आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे केली. तुमच्या मुलाचा तो पहिला असतो.

आणखी एक प्रकार असा आहे की जो ना समीक्षेत दिसतो, ना खपात. १९९४ च्याच नाताळात डिस्नेने 'लायन किंग'चं एक चित्रपुस्तक सीडीवर काढलं होतं, कंप्युटरवर वाचायचं आणि माउसने खेळायचं. तडाखेबंद विक्री झाली. नाताळच्या सकाळी मुलांनी ते उघडलं आणि कितीतरी घरांत ते चाललंच नाही. काही कंप्युटरवर आवाज येईना, काही थेट बंद पडले. नव्या कॉम्पॅक प्रेसारिओमधल्या चित्र दाखवणाऱ्या ड्रायव्हरशी त्याचं जमत नव्हतं. डिस्नेच्या मदत केंद्राचे फोन अखंड वाजत राहिले. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी 'डायरेक्टएक्स' आणलं, त्यामागच्या कारणांत हा गोंधळही सांगितला जातो. म्हणजे पोरांच्या रडण्याने विंडोज बदललं! पण त्या सकाळी घराघरांत बाबा खाली वाकून केबल तपासत होते आणि खोक्यावरचा सिम्बा तेवढा हसत होता. म्हणून गुण बघण्याआधी एवढं बघा की गेम तुमच्या घरातल्या यंत्रावर चालतो का. फोन चार वर्षांपूर्वीचा, जागा भरलेली, आणि सिनेमाचा नवा गेम दोन जीबीचा. मग त्या गेमबद्दल कितीही चांगलं लिहिलेलं असो, उपयोग नाही.

समीक्षक, गल्ला आणि मुलं या तिघांचं एकमत झाल्याचं मला सर्वांत स्वच्छ दिसतं ते २००५ च्या 'लेगो स्टार वॉर्स'मध्ये. इंग्लंडच्या ट्रॅव्हलर्स टेल्सने तो केला. लाखोंनी खपला आणि त्याच वाटेने पुढे इंडियाना जोन्स, बॅटमॅन, हॅरी पॉटर असे एकामागून एक लेगो गेम आले. त्यात मेलं तर खेळ संपत नाही. पात्राचे विटांचे तुकडे होतात, जमवलेले थोडे मणी सांडतात आणि ते पुन्हा उभं राहतं. दुसरा रिमोट घेऊन कुणीही मध्येच सामील व्हायचं आणि कुकरची शिट्टी झाली की मध्येच निघून जायचं, खेळ तसाच चालू राहतो. ज्याने हे रचलं त्याला घरातला रविवार ठाऊक होता. सिनेमातल्या गंभीर प्रसंगांची त्यात न बोलता टिंगल केलेली असते, ती बाबांना हसवते आणि मूल विटांमध्ये रमलेलं असतं. मी स्वतः खेळण्यात ढ आहे, तरी भाच्यासोबत तासभर टिकते, यावरून काय ते समजा.

पण आज तुमचा प्रश्न खोक्याचा नसतोच, फोनचा असतो. 'डेस्पिकेबल मी २' आला त्या २०१३ च्या उन्हाळ्यात गेमलॉफ्टने 'मिनियन रश' आणला. पिवळा मिनियन पळत सुटतो, केळी गोळा करतो, आणि तो पळणं थांबत नाही. काही महिन्यांतच डाउनलोड १० कोटींच्या पुढे गेले. फुकट होता ना. फुकट गेमचा डाउनलोड हा खप नव्हे. ती दारावरची गर्दी आहे. त्यातल्या किती मुलांनी तो दुसऱ्या दिवशी उघडला, किती घरांतून पैसे गेले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि इथे सिम्बाची माकडं वेगळ्या वेषात परत येतात. तेव्हा मूल अडलं की आईबाबा दुकानात जावेत अशी योजना होती. आता दुकान गेमच्या आतच आहे. मूल अडतं त्या ठिकाणी एक चकचकीत बटण असतं: नाण्यांची पिशवी घे, पुन्हा जिवंत हो, किंवा तीस सेकंदांची जाहिरात बघ.

२०१४ च्या जानेवारीत अ‍ॅपलने अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली आणि मुलांनी न विचारता केलेल्या अशा खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत देण्याचं मान्य केलं. एकदा पासवर्ड टाकला की पंधरा मिनिटं पुन्हा न विचारता खरेदी होत होती, हा आक्षेप होता. आपल्याकडे ओटीपी आणि यूपीआय पिनचं कुंपण आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण आजीच्या फोनचा पिन आजीपेक्षा नातवाला पाठ असतो, हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो.

तेव्हा प्ले स्टोअरच्या पानावर ताऱ्यांच्या आधी ती बारीक ओळ वाचा: जाहिराती आहेत का, आत खरेदी आहे का, आणि एकेका वस्तूची किंमत किती ते किती. काही ठिकाणी ती दहा रुपयांपासून आठ-नऊ हजारांपर्यंत जाते. मुलांच्या गेममध्ये आठ हजारांची वस्तू कशाला असते, हा प्रश्न पडायलाच हवा. '३+' असं लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ पुष्कळांचा चुकतो. तीन वर्षांच्या मुलाला तो खेळता येईल किंवा आवडेल असं ते सांगत नाही. आतला मजकूर त्या वयाला बाधक नाही, एवढंच सांगतं. माकडांचं कोडंही या खुणेतून आरामात पार झालं असतं.

पहिला अर्धा तास शेजारी बसा. शिकवायला नको, फक्त बघायला. मूल पहिल्यांदा कुठे अडलं आणि त्या क्षणी पडद्याने काय पुढे केलं, तेवढं टिपा. ते आणखी सराव मागत असेल तर उत्तम, पैसे मागत असेल तर तुम्हांला उत्तर मिळालंच. मग आठवडाभर गप्प राहा आणि त्यानंतर मुलालाच विचारा, किती तारे देशील आणि का. मुलं या कामात फार कडक असतात. एका आईने हा प्रयोग करून मला कळवलं. तिच्या तिसरीतल्या लेकाने सांगितलं की सिनेमातला हिरो छान आहे, पळतोही छान, पण सारखा दुकानातच घेऊन जातो. दीड तारा दिला, आणि अर्धा कशाचा असं विचारल्यावर म्हणाला, गाण्याचा.